बाथ शहरात दीड दिवस: काय पाहावे, काय सोडावे?

चोपड्याचा_मास्तर

राम राम मंडळी. मुलगी इंग्लंडात ब्रिस्टलला असते. नात चार महिन्यांची होईल, तेव्हा म्हणजे जानेवारीत, आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. जावईबापूंनी शेजारच्या बाथ शहरात एक मुक्काम ठरवला आहे. दुपारी पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी परतायचे, असा बेत आहे.

माझा जन्म अडावदचा. पौष महिना आला की घरची बैलगाडी उनपदेवला निघायची आणि गोमुखातून पडणाऱ्या कढत पाण्याखाली आम्ही पोरे आरडाओरडा करत डोके धरायचो. त्यामुळे एखादे गाव गरम पाण्याच्या झऱ्याभोवती वसले आहे असे कळले की माझा पहिला प्रश्न हाच असतो, की तेथे स्नान करता येते का? झरा अंगावर घेतला नाही तर ते गाव पाहिले असे मी मानत नाही. इमारती काय, चित्रांतही दिसतात.

दुसरी अडचण अशी की आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ कितपत आहे हेही सांगावे. माहितगारांनी यादीपेक्षा अनुभव लिहावा, ही विनंती.

ब्रिस्टलकर_जळगावी

सर, मी या भागात सहा वर्षे राहतो आहे. मोटारीने जाऊ नका, ब्रिस्टलहून आगगाडीने जा. सुमारे पंधरा मिनिटांत बाथ स्पा स्थानक येते आणि तेथून जुने गाव पायी अगदी जवळ आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर, जे तुम्हाला आवडणार नाही. ज्या रोमन स्नानगृहासाठी जग तेथे येते, त्या पाण्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. पूर्वी तेथे पोहता येत असे, परंतु 1978 साली त्या पाण्यातील एका अमीबामुळे मेंदूज्वर होऊन एका मुलीचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून तेथे स्नान बंद आहे.

म्हणून ते टाळावे असे मात्र नाही. मोठ्या कुंडाची खोली 1.6 मीटर असून त्याच्या तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे 45 पत्रे आजही जागेवर आहेत. एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे फसगत होणार नाही. कुंडाभोवती जे रुबाबदार खांब आणि वर पुतळे दिसतात, त्यांतील खांबांच्या बैठकीपर्यंतचाच भाग रोमन आहे. वरचे सारे एकोणिसाव्या शतकातले. पाणी हिरवे दिसते तेही मुळात तसे नाही. रोमन काळी या कुंडावर छप्पर होते, आता ऊन थेट पडते आणि शेवाळ धरते.

स्नान करायचे असेल तर जवळच 2006 साली सुरू झालेले थर्मे नावाचे आधुनिक स्नानगृह आहे. तेथे त्याच झऱ्यांचे पाणी सुमारे साडेतेहेतीस अंशांपर्यंत निववून वापरतात आणि गच्चीवर उघड्या आकाशाखाली एक तलाव आहे. जानेवारीच्या थंडीत त्या वाफेत बसून समोर ॲबीचा, म्हणजे तेथल्या जुन्या चर्चचा, मनोरा पाहणे हा माझ्या मते या शहरातला सर्वांत चांगला तास आहे. मात्र सोळा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसल्याने नातीपाशी कोणाला तरी बाहेर थांबावे लागेल, आणि देखभालीसाठी ते काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा.

भुसावळ_जंक्शन

मूळ झऱ्याचे तापमान किती असते, हे कोणी सांगेल का?

ब्रिस्टलकर_जळगावी

46 अंश सेल्सिअस.

भुसावळ_जंक्शन

मे महिन्यात आमच्या फलाटावर हवेचे तापमान तेवढे असते आणि ते अंगावर घ्यायला तिकीट लागत नाही. इंग्रजांनी दोन हजार वर्षे एवढ्याचे कौतुक केले म्हणता?

धरणगावची_लेक

मास्तरकाका, काकूंना थर्मेत नेणार असाल तर पोशाखाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा, कारण साडी किंवा पंजाबी पोशाख पाण्यात चालत नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ असा पोहण्याचा पोशाख जळगावातूनच मागवून घेतला होता. आधी त्यांनी «या वयात हे काय» म्हणून नकार दिला. गच्चीवरच्या तलावात उतरल्यावर मात्र त्या दोन तासांत बाहेर यायला तयार नव्हत्या. गुडघ्यांना पाण्यात भार जाणवत नाही, हे त्यांनी पुढे घरी वारंवार सांगितले.

रोमन स्नानगृहात बऱ्याच भागांत उद्वाहनाने जाता येते, परंतु कुंडाकाठची फरशी जुनी आणि उंचसखल आहे. काकूंना चपला नव्हे, घट्ट बुटांची सवय करा.

खडक_आणि_पाणी

जंक्शनभाऊंच्या विनोदाला दाद देऊन थोडे भूगर्भाविषयी लिहितो, कारण अनेकांची अशी समजूत असते की गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी असलाच पाहिजे. बाथलाही ज्वालामुखी नाही आणि उनपदेवलाही नाही. बाथचे पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस होय. तो चुनखडीच्या थरांतून सुमारे 2,700 ते 4,300 मीटर खोल मुरतो, तेथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतो आणि खडकांतील भेगांमधून दाबाने वर येतो. रोज सुमारे 11 लाख 70 हजार लिटर पाणी असे वर येते.

आपल्याकडे खडक निराळा, म्हणजे काळा बेसाल्ट आहे. पण तापी खोरे आणि सातपुडा यांच्या सांध्यावर खोल भ्रंश आहेत आणि उनपदेव, सुनपदेव हे झरे त्या पायथ्याच्या पट्ट्यातच आहेत. पाणी खोल जाऊन तापते व भेगेतून परतते, ही क्रिया दोन्हीकडे एकच. तेव्हा सर, बाथचे कुंड तुम्हाला परके वाटण्याचे कारण नाही.

रोमन भागात एक जागा चुकवू नका. झऱ्याचे जादा पाणी जेथून गटारात वाहून जाते, तेथे रोमन कमान आहे. लोहामुळे तेथले दगड तांबडे झाले आहेत आणि वाफ थेट तोंडावर येते. स्पर्श नाही, पण झऱ्याचा श्वास तेथे लागतो.

पारोळ्याचा_पांथस्थ

माझे मत थोडे वेगळे आहे. दीड दिवसातील निम्मा वेळ तिकिटाच्या रांगेत आणि कानाला यंत्र लावून उभे राहण्यात घालवू नये. या शहराची खरी मौज रस्त्यावर आहे आणि ती फुकट आहे. मधासारख्या रंगाचा तेथलाच चुनखडी दगड, त्याच दगडाची घरे, आणि एका बाप-लेकाने आखलेली नगररचना.

थोरल्या जॉन वुडने सर्कस नावाचा वर्तुळाकार चौक आखला. 1754 साली काम सुरू झाले आणि त्याच वर्षी तो वारला, म्हणून मुलाने ते पूर्ण केले. पुढे मुलानेच 1767 ते 1774 या काळात रॉयल क्रेसेंट बांधला: चंद्रकोरीच्या आकारात जोडलेली 30 घरे, दर्शनी बाजूस 114 स्तंभ आणि समोर मोठे हिरवे मैदान.

पण समोरून छायाचित्र घेऊन परत फिरू नका. मागच्या गल्लीत जा. तेथे प्रत्येक घर निराळे आहे. कोणाचे छप्पर उंच, कोणाची भिंत पुढे आलेली, कोणाच्या खिडक्या वेड्यावाकड्या. वुडने फक्त दर्शनी भिंत ठरवून दिली आणि मागचे घर ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधले. आमच्या गावातल्या एकत्र कुटुंबाच्या वाड्याची आठवण झाली. ओसरी एक, आणि आत भावाभावांची सात स्वयंपाकघरे.

गुडघ्यांविषयी सांगायचे तर गावठाणातून सर्कसपर्यंत चढ आहे आणि तो जाणवतो. वर जाताना टॅक्सी करावी आणि उतरताना हळूहळू चालत यावे.

वाघूर_काठ

पांथस्थांनी सर्कसचा उल्लेख केला म्हणून एक गंमत सांगतो. त्या घरांच्या माथ्यावर ओळीने दगडी ओकफळे बसवलेली आहेत. ती का आहेत, हे कळण्यासाठी बाथची दंतकथा ठाऊक हवी. ब्लाडुड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला, म्हणून त्याला राज्याबाहेर घालवले आणि तो डुकरे राखू लागला. डुकरांनाही रोग लागला. पुढे ती डुकरे गरम चिखलात लोळून बरी झाल्याचे त्याने पाहिले, स्वतःही त्यात लोळला, बरा झाला, आणि राजा झाल्यावर त्याने हे गाव वसवले. डुकरांचे खाणे ओकफळे, म्हणून ती घरांच्या माथ्यावर.

आता आपल्याकडची कथा आठवा. उनपदेवला शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता आणि श्रीरामाने बाण मारून त्यांच्यासाठी गरम पाण्याचा झरा काढला, असे आम्हाला आजी सांगत असे. त्वचारोगाचे लोक आजही श्रद्धेने तेथे स्नानाला येतात. दोन गावे एकमेकांना कधी भेटली नाहीत, तरी दोघांच्याही कथेच्या मुळाशी तोच एक रोग आहे, याचे मला नवल वाटते. कदाचित कोमट पाण्याने सर्वांत आधी आराम वाटतो तो कातडीलाच, एवढेच त्याचे कारण असेल.

चोपड्याचा_मास्तर

वाघूर_काठ, ही कथा मला अजिबात ठाऊक नव्हती. सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, «म्हणजे तेथे शरभंगाचे काम डुकरांनी केले.» मी निरुत्तर झालो.

अमळनेरी_जिज्ञासू

शिशाचे पत्रे केवळ कुंडाच्या तळाला नाहीत. झऱ्यात शिशाच्या लहान पट्ट्याही सापडल्या आहेत, सुमारे 130. त्यांवर लोकांनी सुलिस मिनर्वा देवीला उद्देशून गाऱ्हाणी कोरली आहेत, आणि बहुतेक गाऱ्हाणी चोरीची आहेत. कोणाचा अंगरखा गेला, कोणाचे हातमोजे गेले. चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला देवीने शासन करावे, अशी वकिलाच्या मसुद्यासारखी काटेकोर भाषा त्यांत आहे. स्नानाला उतरलेल्या माणसाचे काठावरचे कपडे पळवणारे लोक तेव्हाही होते, असा याचा सरळ अर्थ.

देवीचे नावही पाहण्यासारखे आहे. सुलिस ही तेथल्या मूळ लोकांची झऱ्याची देवी आणि मिनर्वा रोमनांची. नव्या राज्यकर्त्यांनी जुनी देवी घालवली नाही, आपल्या देवीच्या नावामागे जोडली. आपल्या गावोगावच्या देवळांत हे इतके ठिकठिकाणी घडले आहे की समजावून सांगण्याची गरज नाही. मिनर्वेचे सोन्याचा मुलामा दिलेले कांस्य मस्तक तेथे ठेवले आहे. 1727 साली गटार खोदताना मजुरांना ते मिळाले.

भुसावळ_जंक्शन

उनपदेवला माझी नवी कोरी चप्पल गेली होती. शिशाचा पत्रा कोठे मिळेल?

पाटणादेवीचा_भक्त

मास्तर, तुम्ही शिकवत काय होता ते लिहिलेले नाही, पण गणित वा विज्ञान असेल तर न्यू किंग स्ट्रीटवरील 19 क्रमांकाचे घर कोणत्याही परिस्थितीत पाहा. तेथे विल्यम हर्शेल आणि त्यांची बहीण कॅरोलाइन राहत असत. हर्शेल पेशाने संगीतकार होते, प्रार्थनागृहात ऑर्गन वाजवून पोट भरत आणि रात्री घरी आरसे घासून दुर्बिणी बनवत. त्याच घराच्या मागच्या बागेतून 13 मार्च 1781 रोजी त्यांना युरेनस दिसला. डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांपलीकडचा पहिला ग्रह एका वादकाला परसदारी सापडला. कॅरोलाइनबाईंनी पुढे स्वतंत्रपणे अनेक धूमकेतू शोधले.

घर लहान आहे, गर्दी नसते. मी त्या बागेत उभा होतो तेव्हा मला चाळीसगावजवळच्या पाटणच्या डोंगराची आठवण झाली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला आणि तसा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभी कोरला गेला. आमच्याकडे लेख आहे, मठ नाही. त्यांच्याकडे घर आहे, तळघरातली कार्यशाळा आहे, बाग आहे, आणि आत जाण्याचे तिकीटही आहे. तिकिटाचे मला वाईट वाटले नाही.

शहादेकर

सर्वांचे वाचले. उनपदेव म्हणजे फक्त चोपडा तालुका असे धरून चालू नये, आमच्या शहादा तालुक्यातही उनपदेव आहे आणि तेथेही गरम पाणी आहे, एवढी नोंद करून मूळ विषयावर येतो.

बाथच्या दगडाचे इतके कौतुक झाले, पण त्या दगडाचे पैसे कोठून आले हेही पाहावे. अठराव्या शतकात तेथे हवापालटासाठी येणाऱ्या कित्येक श्रीमंतांचे उत्पन्न वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून येत होते. विल्यम बेकफर्डचा मनोरा शहराबाहेर टेकडीवर उभा आहे. जमैकातील मळ्यांच्या वारसाने स्वतःच्या हौसेसाठी तो 1827 साली बांधून घेतला. मनोरा सुंदर आहे, पण मी तेथे गेलो तेव्हा मला आनंद झाला नाही.

पारोळ्याचा_पांथस्थ

शहादेकर, मुद्दा मान्य आहे, पण या न्यायाने आपल्याकडचा एकही किल्ला पाहता येणार नाही. वेठबिगारीशिवाय दगड डोंगरावर चढले असे आपण समजता का?

शहादेकर

पाहू नये असे मी म्हटलेले नाही. पाहावे आणि विचारावे, एवढेच म्हटले. शिवाय मास्तरांच्या दीड दिवसांत तो मनोरा बसणारही नाही, कारण चढ फार आहे.

धरणगावची_लेक

जेवणाचा विषय अद्याप कोणी काढला नाही, हे खानदेशी मंडळींच्या धाग्याला शोभत नाही. सॅली लन नावाच्या जुन्या घरात मोठा, हलका, गोलाकार पाव मिळतो. लोणी आणि दालचिनी लावून शाकाहारी माणसाचे उत्तम भागते. पंप रूममधील चहाचा थाट मोठा आहे आणि बिलही त्याच मापाचे आहे. मी मात्र पिशवीत कळण्याचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी घेऊनच निघते.

केळीच्या_बागेतून

सॅली लनचा पाव आणि आमचे भरीत, असा योग कोणी आणला आहे का?

धरणगावची_लेक

आणला आहे. घरी आणून. दुकानात नव्हे.

अमळनेरी_जिज्ञासू

ॲबीबद्दल कोणीच लिहिले नाही. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर शिड्या कोरल्या आहेत आणि त्यांवरून देवदूत चढत आहेत. काही उलटे, डोके खाली करून उतरताना दिसतात. 1499 च्या सुमारास बिशप ऑलिव्हर किंग यांना पडलेल्या स्वप्नावरून ते कोरल्याचे सांगतात. आत छताची दगडी जाळी पंख्यासारखी उलगडलेली आहे. मनोऱ्याला 212 पायऱ्या आहेत, म्हणून काकूंनी खालीच बसावे. अलीकडे झऱ्याच्या वाहून जाणाऱ्या पाण्याची ऊब घेऊन ॲबीची फरशी गरम ठेवण्याची सोय केली आहे, म्हणजे खाली बसण्यातही तोटा नाही.

ब्रिस्टलकर_जळगावी

आता मास्तरांच्या दीड दिवसाकडे परत येऊ या. माझा क्रम असा: पहिल्या दुपारी टॅक्सीने क्रेसेंटला जावे आणि सर्कसमार्गे उतरत पुल्टेनी पुलावर यावे. 1774 च्या या पुलावर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत, त्यामुळे आपण पुलावर आहोत हे खाली नदीकडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जानेवारीत साडेचारच्या सुमारास अंधारते, म्हणून बाहेरची ठिकाणे आधी उरकावीत. दुसऱ्या सकाळी रोमन स्नानगृह, मग ॲबी, नंतर जमल्यास हर्शेलचे घर आणि शेवटी थर्मे. वेळ कमी पडला तर पंप रूमचा चहा सोडावा, हर्शेल सोडू नये.

चोपड्याचा_मास्तर

मंडळी, पाच आठवड्यांनंतर लिहितो आहे. आपण सर्वांनी दिलेला सल्ला छापून खिशात ठेवला होता.

क्रेसेंटच्या मागच्या गल्लीत आम्ही गेलो आणि पांथस्थांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. जावईबापूंनी समोरची दोन छायाचित्रे घेतली असतील आणि मागची तीस. सर्कसच्या माथ्यावरची ओकफळे सौभाग्यवतींनी माझ्याआधी ओळखली. हर्शेलच्या घरी मी ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबलो. पस्तीस वर्षे मी फळ्यावर युरेनस हे नाव लिहिले. ते ज्या परसात सापडले ते आमच्या शाळेच्या मागच्या अंगणाहून लहान आहे.

रोमन स्नानगृहात कमानीपाशी वाफ तोंडावर घेतली. पुढे एका नळावर झऱ्याचे पाणी चाखायला देतात. ते कोमट असून लोखंडाची चव लागते. सौभाग्यवतींनी एक घोट घेऊन पेला माझ्या हाती दिला आणि माझ्यावर तो संपवण्याची जबाबदारी आली.

थर्मेसाठी आम्ही दोन पाळ्या केल्या. आधी मी आणि जावईबापू गेलो, नंतर मायलेकी गेल्या. धरणगावच्या ताईंनी सांगितलेला पोशाख उपयोगी पडला, त्याबद्दल आमच्या घरून त्यांचे विशेष आभार. मी नातीला घेऊन ॲबीत बसलो होतो. फरशीची ऊब बुटांतून जाणवेना, तेव्हा आजूबाजूला कोणी पाहत नाही असे पाहून मी बूट काढले आणि मोजे घातलेले पाय दगडावर टेकले. दगड गार नव्हता. नात झोपलेलीच होती.

माझ्या पहिल्या पत्रातील एक वाक्य मात्र मागे घेतो. इमारती चित्रांत दिसतात असे मी लिहिले होते. त्यांची मागची बाजू चित्रांत दिसत नाही.

भुसावळ_जंक्शन

मास्तर, चप्पल वा बूट कोठे गेले नाहीत ना?

चोपड्याचा_मास्तर

नाही. दोन्ही बूट जागेवर होते.

धरणगावची_लेक

काकूंचे गुडघे कसे आहेत?

चोपड्याचा_मास्तर

होते तसेच आहेत. पण यंदाचा पौष इंग्लंडात गेला, तेव्हा पुढच्या पौषात उनपदेवला जायचेच, असे त्या आतापासून म्हणत आहेत. अडावदहून वर रस्ता सध्या कसा आहे, हे कोणी सांगू शकेल का? बैलगाडी आता घरी नाही.